बोरोसिलिकेट क्राऊन काच (बीके-७)

भिंगे आणि लोलक घडवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी प्रकाशीय काच. हिच्यात सुमारे ७० टक्के सिलिका, १० टक्क्यांच्या आसपास बोरॉन ऑक्साइड आणि उरलेल्यात मुख्यतः सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडे असतात. काचरसायनज्ञ ऑटो शॉट यांनी १८८४ मध्ये जर्मनीतील येना येथे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे व सूक्ष्मदर्शक बनवणारे कार्ल झाइस यांच्या साथीने काचकारखाना काढला, आणि तिथून अशा मोजूनमापून केलेल्या काचांचे युग सुरू झाले. चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच वेगळी. तापल्यावर ती हिच्या निम्म्याहून कमी प्रसरण पावते.

पिवळ्या प्रकाशासाठी बीके-७ चा अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) १.५१६८, आबे अंक ६४ आणि घनता २.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. आबे अंक मोठा म्हणजे रंगांची फाकाफाक कमी. उरलासुरला रंगदोष घालवायला हिच्या बहिर्गोल भिंगाला रंग जास्त फाकवणाऱ्या फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडतात.

गडचिरोलीत हिवतापाचे निदान करताना अपवर्तनांकाची किंमत कळते. रक्ताच्या स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाचे शंभरपटीचे वस्तुभिंग त्यात टेकवतात. तेलाचा अपवर्तनांक १.५१५, म्हणजे जवळजवळ या काचेइतकाच. मध्ये हवा राहिली, तर तिरपे किरण वळून भिंगाबाहेर जातात आणि तांबड्या पेशीतली परजीवीची बारीक अंगठी धूसर दिसते. तेलामुळे ते किरण भिंगात शिरतात. निदान या थेंबावर अवलंबून असते, म्हणून तो टाळू नये.

दुर्बिणीच्या लोलकात मात्र ही काच उणी पडते. हिचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून मोठ्या कोनात पडलेला किरण काचेबाहेर न जाता पूर्ण परत फिरतो तो, ४१.२ अंश. पोरो लोलकावर (दुर्बिणीतल्या प्रतिमा सुलटी करणाऱ्या लोलकावर) कडेचे किरण त्याहून लहान कोनात पडले, की त्यांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही, काही प्रकाश निसटतो. बीएके-४ या बेरियम क्राऊन काचेत हा कोन ३९.६ अंश असल्याने तो प्रकाश आतच टिकतो. ओळखायची कशी? दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरावी आणि डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका पाहावा. बीएके-४ चा ठिपका पूर्ण गोल दिसतो. बीके-७ चा बहुधा कडांना करडा, चौकोनाकडे झुकलेला. गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत भरउन्हात सारस पाहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण तेव्हा डोळ्याची बाहुली लहान असते आणि ठिपक्याचा मधला भागच वापरला जातो. ताडोब्यात सांजेला बाहुली मोठी होते. तिथे जाणाऱ्याने थोडे जास्त पैसे मोजून बीएके-४ च घ्यावी.