आभाळाचा उतरता रंग

जानेवारीत परभणीकडे मामांच्या रानात हुरड्याला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. काळ्या रानात पुरुषभर ज्वारी उभी होती. मोबाईलवर फोटो काढला, घरी येऊन पाहिला तर आभाळ पांढरंफटक आणि ढेकळं काळीठिक्कर. रानात उभं असताना तर आभाळाची निळाई दिसत होती, ढेकळांच्या भेगाही दिसत होत्या.

डोळा एका जागी थांबत नाही. आभाळाकडे वळला की बाहुली आकसते, मातीकडे आला की मोठी होते, आणि मेंदू या सगळ्या नजरा जोडून एक चित्र करतो. माझ्या मोबाईलचं एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करायची सोय) बंद होतं, त्यामुळे कॅमेऱ्याने सगळ्या चित्राला एकच एक्स्पोजर, म्हणजे प्रकाशाचं एकच माप दिलं. यावर जुना तोडगा होता लेन्ससमोर लावायच्या काचेचा. ही काच वर काळपट आणि खाली येता येता साफ होत जाणारी असते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणून तीन स्टॉपची काच आभाळाचा प्रकाश 1/8 वर आणते. ग्रेडियंट ओव्हरले, म्हणजे फोटोवर ठेवलेला उतरत्या रंगाचा थर (लेयर), हे त्याच काचेचं संगणकातलं रूप, फक्त इथे काचेला हवा तो रंग देता येतो.

ही युक्ती डोळ्याला खटकत नाही, कारण आभाळाचा रंग मुळातच उतरता असतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त विखुरतात, म्हणून डोक्यावरचं आभाळ गर्द निळं. क्षितिजाकडे पाहताना मात्र नजर डोक्यावरच्यापेक्षा सुमारे 38 पट हवेतून जाते. तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, त्यात धूळ मिसळते आणि निळा फिका पडत पांढुरका होतो. फोटोवर वरून खाली निळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा लेयर ठेवला, तर आपण हाच क्रम पुन्हा लिहीत असतो.

आता खरी गंमत ब्लेंड मोडची, म्हणजे वरचा लेयर खालच्या फोटोत कसा मिसळायचा त्या रीतीची. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तांबडा, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे. ‘मल्टिप्लाय’ दोन लेयरचे आकडे गुणून 255 ने भागतो. 200 वर 128 ठेवला की उत्तर येतं 100. पांढऱ्याने गुणलं तर काहीच बदलत नाही, म्हणून उतार क्षितिजाशी अलगद विरतो. ‘ओव्हरले’ नावाचा मोड आधी खालच्या फोटोला विचारतो, तू गडद की उजळ? गडद असेल तर दुप्पट गुणाकार करतो, वरचा रंगही गडद असला की ठिपका आणखी गडद होतो. उजळ असेल तर दोन्ही आकडे 255 मधून वजा करून उलटा दुप्पट गुणाकार करतो, वरचा रंगही उजळ असला की ठिपका आणखी उजळ होतो. 64 वर 64 ठेवला की 32 होतो, 192 वर 192 ठेवला की 224. दोघांमधलं अंतर 128 होतं, ते 192 झालं. कॉन्ट्रास्ट वाढला म्हणतात तो हाच. मधला करडा, म्हणजे 128, ओव्हरलेमध्ये जवळपास काहीच करत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मोडला जमत नाही. जो ठिपका 255 ला टेकला, त्यातला तपशील गेला तो गेलाच. त्यावर मल्टिप्लायने निळा चढवला की तेवढाच सपाट निळा उरतो, पत्र्याला रंग मारल्यासारखा. ढग परत येत नाहीत. माझ्या फोटोत क्षितिजालगतची पट्टी अशी गेलेली होती, वरचं आभाळ 200 च्या आसपास होतं. वरचं वाचलं.

मग मला मोह झाला. खाली केशरी, वर निळा असा उतार टाकला. निळा-केशरी हे एकमेकांसमोरचे रंग, शेजारी आले की दोन्ही झळकतात. फोटो मामांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, “अरे, आपण तर अकराला होतो रानात. ही तर सांजवेळ दिसायली.” बरोबर होतं त्यांचं. ज्वारीच्या सावल्या बुडाशी आखडलेल्या आणि आभाळ मात्र मावळतीचं. केशरी काढून टाकला.

शेवटी उरला निळा ते पांढरा एकच लेयर, मल्टिप्लायमध्ये, ओपॅसिटी (दाटपणा) 35 टक्के. कणसं आभाळात घुसलेली होती, ती निळी पडू नयेत म्हणून मास्कवर, म्हणजे लेयर कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या झाकणीवर, हलक्या ब्रशने एकेक सोडवली. ढेकळांसाठी वेगळा फिका ‘सॉफ्ट लाइट’ (ओव्हरलेसारखाच पण मवाळ मोड) लेयर, खालून वर विरत जाणारा. मोठ्या पडद्यावर निळ्यात आडव्या पायऱ्या दिसल्या. दोन हजार ठिपक्यांच्या उंचीत जेमतेम वीस छटा बसवल्या की प्रत्येक छटेचा शंभर ठिपक्यांचा पट्टा होतो, आणि अशा पट्ट्यांच्या कडा डोळा आहेत त्याहून ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये नोंदवलेला हा परिणाम. जास्त छटा मावाव्यात म्हणून फाइल 16 बिटची केली, लेयरवर चिमूटभर नॉइज (बारीक रवाळ ठिपके) टाकला, पायऱ्या गेल्या.