तेलगळतीची नुकसानभरपाई: हरित लवादाकडचा अर्ज कुठे अडतो

पाइपलाइन फुटली, प्रकल्पाच्या नाल्यातून कच्चं तेल खाडीत आलं, तर भरपाई मागता येते ती राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १५ खाली. हा लवाद म्हणजे पर्यावरणाची प्रकरणं चालवणारं न्यायाधिकरण, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. ज्याला इजा झाली तो, ज्याची होडी किंवा जाळी खराब झाली तो, मृताचे वारस, किंवा मच्छीमार संस्था अर्ज करू शकते. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. नुकसान मात्र सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

आधी मुदत, कारण सगळ्यात जास्त घोळ तिचाच. ‘सहा महिने उलटले, आता काही होणार नाही’ असं सांगून माणसांना परत पाठवलं जातं. सहा महिने ही कलम १४ ची, म्हणजे पर्यावरणविषयक वादाची मुदत. भरपाईची मुदत पाच वर्षं आहे. पुरेसं कारण दाखवलं तर वर ६० दिवस, त्यानंतर लवादालाही अधिकार नाही. पाच वर्षं मोजतात ती दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. दरवर्षी थोडं थोडं तेल येत असेल तर शेवटच्या तारखेच्या भरवशावर राहू नका.

गळती टँकरमधून, म्हणजे तेलवाहू जहाजातून, झाली असेल तर आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधीकडेही दावा करता येतो. तिथे नुकसानीपासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. निधीकडे नुसता दावा दाखल केल्याने मुदत थांबत नाही. मालवाहू जहाजाच्या इंधनाला हा निधी लागू नाही. २०१० मध्ये मुंबईजवळ तेल सांडलेलं ‘एमएससी चित्रा’ कंटेनर जहाज होतं, म्हणजे मालवाहूच.

आता पंचनामा. ‘किनाऱ्यावर तेलाचा तवंग दिसून आला’ एवढ्या ओळीतून कुणाचंच नुकसान सिद्ध होत नाही, तरी तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली जाते. होडीचा नोंदणी क्रमांक, जाळ्याचा प्रकार, किती जाळी, मालकाचं नाव हे त्यात आलंच पाहिजे. महसूल आणि मत्स्यव्यवसाय विभाग दोघांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. डांबरलेली जाळी जाळून टाकू नका, निदान तुकडा कापून ठेवा. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या. प्लास्टिकमधली रसायनं तेलात मिसळतात आणि तपासणी बिघडते. तेल कोणाचं हे प्रयोगशाळा त्याच्या रासायनिक ठशावरून ओळखू शकते, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने पंचांसमोर घेतलेल्या नमुन्याला जास्त वजन असतं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याला लागणाऱ्या तेलगोळ्यांचा मालकच सापडत नाही, म्हणून तिथे हा ठसा सगळ्यात महत्त्वाचा.

आरोग्याचा दावा करायचा तर उशीर चालत नाही. बेंझीनसारखे हलके घटक एक-दोन दिवसांत हवेत उडतात, शरीरातूनही लवकर निघून जातात. महिन्याने केलेली रक्ततपासणी काही सांगत नाही. डोकं दुखणं, मळमळ, डोळे चुरचुरणं, अंगावर पुरळ यासाठी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपरवर ‘तेलाशी संपर्क’ हे शब्द लिहून घ्या. नुसतं ‘खाज’ लिहिलेला कागद उपयोगाचा नाही.

ज्यांच्याकडे कागदच नसतो त्या म्हणजे खडकावर कालवं फोडणाऱ्या, चिखलात तिसऱ्या (शिंपले) वेचणाऱ्या बायका. नुकसान त्यांचं सर्वांत लांबतं, कारण शिंपल्यातल्या जिवांना हे तेल माशांसारखं लवकर बाहेर टाकता येत नाही. होडी नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून नुकसानग्रस्तांच्या यादीत नाव नाही. त्यांच्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थेचा दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. होडीवाल्यांनी गेल्या तीन वर्षांच्या डिझेल पावत्या आणि लिलावाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. यांत्रिक होडीने १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीतले दिवस दाव्यात धरू नयेत, एवढ्या एका चुकीने बाकीचा हिशेबही संशयात येतो.

नावानिशी यादी का हवी ते दोन निकालांतून दिसतं. २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या ‘रॅक कॅरियर’ जहाजाबाबत लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी ठरवले, ते पर्यावरणाच्या हानीपोटी केंद्र सरकारकडे भरायचे होते. उरणच्या बंदर विस्ताराच्या प्रकरणात २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख मंजूर झाले.

अर्जाचं शुल्क: मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, कमीत कमी १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. दोन लाखांप्रमाणे शंभर कुटुंबांचा एकत्र दावा केला तर दोन लाख शुल्क होतं, तेव्हा आकडा फुगवू नका. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

कंपनीने मध्येच थोडे पैसे देऊ केले तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. आधी काही रक्कम मिळाली असेल, दुसरीकडे दावा केला असेल, तर कलम १५(५) प्रमाणे ते लवादाला सांगावंच लागतं.