कोच-सहल (ब्रिटन)

आरामबसने समुद्रकाठच्या एखाद्या गावी जाऊन चार-पाच दिवस एकाच हॉटेलात राहण्याची ब्रिटनमधील जुनी पद्धत. प्रवास, खोली, न्याहारी, रात्रीचे जेवण आणि आसपासच्या एक-दोन फेऱ्या यांचे पैसे एकदाच भरायचे असतात. मराठीत कोच म्हटले की रेल्वेचा डबा नाहीतर क्रिकेटचा प्रशिक्षक आठवतो. ब्रिटनमध्ये मात्र गावात फिरते ती बस आणि पोटात सामानाचा कप्पा असलेली, लांब पल्ल्याची ती कोच, असा भेद पाळतात. ब्लॅकपूल, स्कारबरो, लँडडनो, ईस्टबोर्न, बोर्नमथ, टॉर्की ही या सहलींची ठरलेली ठिकाणे. नवे काही पाहण्याची ओढ येथे दुय्यम असते. अनेक मंडळी वर्षानुवर्षे त्याच गावी आणि जमल्यास त्याच हॉटेलात जातात.

या सवयीचे मूळ कापड गिरण्यांत आहे. वायव्य इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरणगावे उन्हाळ्यात पाळीपाळीने आठवडाभर बंद राहत. त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. या आठवड्यात बॉयलर साफ होत आणि अख्खे गाव समुद्रावर लोटे. शेजारीपाजारी, मुकादम, कामगार सगळे तेथेही एकमेकांना भेटत, म्हणजे गाव बदलले तरी माणसे तीच. त्यांना नेई ती रेल्वे. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये पोहोचली, १८६३ मध्ये समुद्रात शिरणारा पहिला धक्का बांधला गेला आणि १८९४ मध्ये १५८ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. १८७१च्या कायद्याने बँकांच्या, म्हणजे पुढे सार्वजनिक झालेल्या, सुट्या ठरल्या, १९३८च्या कायद्याने पगारी रजेचा पाया घातला. तोवर समुद्रावरचा आठवडा म्हणजे पगारावर पाणी, म्हणून वर्षभर पैपै साठवावी लागे.

मोटारगाडी आली ती ‘शारबँक’च्या रूपाने. हे नाव फ्रेंच असून त्याचा अर्थ बाकांची गाडी. वर छप्पर नाही, आडव्या बाकांच्या रांगा, पाऊस आलाच तर ओढून घ्यायचे कापड. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरातले ट्रक स्वस्तात विकले जाऊ लागले, तेव्हा अनेक लहान व्यावसायिकांनी युक्ती केली : आठवडाभर त्याच सांगाड्यावर मालाची पेटी ठेवायची आणि शनिवारी ती उतरवून बाकांचे अंग बसवायचे. कोळसा वाहणारी गाडी रविवारी माणसे घेऊन समुद्रावर जाई. १९३०च्या वाहतूक कायद्याने या धंद्याला परवान्याची शिस्त लावली. ती बंधने पुढे १९८०च्या कायद्याने सैल केली.

साठच्या दशकापासून स्पेनला स्वस्त विमाने जाऊ लागली आणि हमखास ऊन विकत मिळू लागले. कुटुंबे तिकडे वळली, ज्यांच्याकडे मोटार होती ते आपापले निघू लागले. कोचमध्ये उरले ते मुख्यतः निवृत्त लोक. या बदलाची खूण ब्लॅकपूलमध्ये जमिनीवरच दिसते. मनोऱ्याजवळचे सेंट्रल स्टेशन १९६४ मध्ये बंद झाले, रूळ उखडले गेले आणि त्याच रुळांच्या वाटेवर १९८६ मध्ये येडन वे हा रस्ता झाला. मोटारवेवरून (द्रुतगती महामार्गावरून) येणाऱ्या गाड्या आज जुन्या आगगाडीच्या मार्गानेच गावात शिरतात.

सहल सुरू होते ती घराजवळच्या थांब्यावरून, बहुधा भल्या सकाळी. छोट्या गाड्या गावोगावची माणसे एका मोठ्या तळावर आणतात, तेथे कोण स्कारबरोचे आणि कोण टॉर्कीचे अशी वाटणी होते. बॅग थांब्यावर ड्रायव्हरच्या हाती द्यायची ती थेट हॉटेलच्या खोलीत दिसावी, ही या व्यवहारातली खरी मेख आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला समुद्रापेक्षा जिन्याची काळजी जास्त, त्यामुळे ‘लिफ्ट आहे का?’ हा प्रश्न ‘खोलीतून समुद्र दिसतो का?’ याच्या आधी येतो. एकट्याने खोली घेतल्यास जादा आकार पडतो. विधवा-विधुरांची त्याविषयीची कुरकुर या सहलींइतकीच जुनी असावी.

गाडीतील जागा बुकिंगच्या वेळीच ठरते आणि सहसा शेवटपर्यंत तीच राहते. रोज जागा बदलण्याची पद्धत असलेल्या मराठी सहलींतून युरोप पाहून आलेल्यांना हे विचित्र वाटेल. ब्रिटनमध्ये मात्र पुढची सीट मिळावी म्हणून लोक लवकर पैसे भरतात. वेगळा टूर मॅनेजर अनेकदा नसतो. ड्रायव्हरच माहिती सांगतो, विनोद करतो, बॅगा चढवतो आणि शेवटच्या दिवशी त्याच्या हातावर बक्षिसी ठेवली जाते. साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. मात्र चहा आणि स्वच्छतागृह यांसाठी गाडी त्याच्या कितीतरी आधी थांबते.

हॉटेले बहुतेक व्हिक्टोरियन काळातली, प्रचंड आणि थोडी थकलेली. स्कारबरोच्या ग्रँड हॉटेलचे (१८६७) उदाहरण प्रसिद्ध आहे : चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, आठवड्यांची ५२ धुराडी आणि दिवसांच्या ३६५ खोल्या, असा त्याचा हिशेब सांगतात. एवढ्या खोल्या उन्हाळा सरल्यावर भरायच्या कशा, याचे उत्तर म्हणजे कोच. जेवणाचे टेबल नेमून दिलेले असते, जेवण संध्याकाळी लवकर, त्यानंतर बिंगो (आपली हाउजी) आणि जुनी गाणी म्हणणारा गायक. दिवसा एखादी अर्ध्या दिवसाची फेरी आणि एक दिवस मोकळा : किनाऱ्यालगतच्या फरसबंद रस्त्यावर चालणे, वाऱ्याला पाठ करून फिश अँड चिप्स खाणे, घरी न्यायला गावाचे नाव आरपार उमटलेली साखरेची गुलाबी कांडी घेणे. पाण्यात उतरणारे थोडेच.

हंगामाबाहेर खोल्या भरण्याच्या खटपटीतून निघालेला सर्वांत अफलातून प्रकार म्हणजे ‘टर्की अँड टिन्सेल’ (टर्की हा नाताळच्या जेवणातला पक्षी, टिन्सेल म्हणजे सजावटीची चमचमती झालर). नोव्हेंबरातच पाच दिवसांत अख्खा नाताळ उरकायचा. सोमवारी पोहोचायचे, मग एक दिवस नाताळची पूर्वसंध्या, दुसऱ्या दिवशी टर्कीचे जेवण आणि सांताक्लॉजची भेट, आणि निघण्याच्या आदल्या रात्री नववर्षाचे स्वागतही. भाद्रपदातच दिवाळीचा फराळ मांडावा तसे हे. बाहेरचे लोक त्याची थट्टा करतात, पण खऱ्या नाताळात घरी एकट्याच असणाऱ्या माणसाला कागदी टोपी घालून पंगतीत बसता येते ते याच दिवसांत. थट्टेपेक्षा ही बाजू मला महत्त्वाची वाटते.

या व्यवसायातील मोठी नावे उत्तर इंग्लंडची. लीड्सची वॉलेस अर्नोल्ड ही कंपनी १९१२ची. वॉलेस कनिंगहॅम आणि अर्नोल्ड क्रो या दोघांच्या पहिल्या नावांवरून तिचे नाव पडले. २००५ मध्ये ती विगनच्या शीअरिंग्जमध्ये विलीन झाली. कोविडच्या टाळेबंदीत हा ग्राहकवर्गच सर्वाधिक धोक्यात होता. मे २०२० मध्ये शीअरिंग्जची मालक कंपनी बुडाली, सुमारे २,५०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि ६४,००० बुकिंग रद्द झाली. शीअरिंग्ज हे नाव त्याच वर्षी लेजर हॉलिडेज या कंपनीने विकत घेतले आणि त्याच नावाने सहली पुन्हा सुरू केल्या.