उंदरांमधील भुलीची परिणामकारक मात्रा

भुलीचे इंजेक्शन दिल्यावर ज्या मात्रेला निम्मे उंदीर चिमटा काढूनही पाय ओढत नाहीत ती ईडी-५० (ईडी म्हणजे इफेक्टिव्ह डोस, परिणामकारक मात्रा). शंभरातले पंचाण्णव ओढत नाहीत ती ईडी-९५. शस्त्रक्रिया ईडी-५० वर कधीही करू नये, निम्म्या उंदरांना ती पुरत नाही.

उंदरांत सर्वाधिक चालणारे मिश्रण केटामाइन-झायलाझिन. १०० व १० मिग्रॅ/किलो मात्रेसाठी केटामाइन (५० मिग्रॅ/मिलि) २ मिलि, झायलाझिन (२० मिग्रॅ/मिलि) ०.५ मिलि आणि सलाइन ७.५ मिलि. २५ ग्रॅमच्या उंदराला यातले ०.२५ मिलि. वजन त्याच सकाळी करावे. पाच ग्रॅमची चूक इथे पाचवा हिस्सा ठरते. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत असल्याने कुलूप आणि नोंदवही लागतेच.

मात्रा शोधायला संख्याशास्त्रज्ञ डिक्सन-मूड यांची १९४८ची चढ-उतार पद्धत कमी प्राण्यांत भागते. झायलाझिन १० वर कायम ठेवून पहिल्या उंदराला केटामाइन ८० द्यावे. दहाव्या मिनिटाला मागच्या पंजाची बोटे बिनदाती चिमट्याने दाबावीत. पाय ओढला तर पुढच्याला १००, नाही ओढला तर ६४. उत्तर पहिल्यांदा उलटले (ओढण्याचे न ओढणे किंवा न ओढण्याचे ओढणे झाले) की आणखी चार उंदीर घेऊन थांबावे. यातून ईडी-५० चांगली कळते. ईडी-९५ मात्र नुसत्या गणिताने काढू नये. वरच्या मात्रेवर वेगळा गट तपासावा, श्वासही मोजावा.

निकाल बिघडतो तो बहुधा सुईमुळे. उंदराचे डोके खाली झुकवून पोटाच्या खालच्या उजव्या भागात २६ किंवा २७ गेजची सुई घालतात, कारण सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) सहसा डावीकडे असते. दट्ट्या किंचित मागे ओढून पाहावा. औषध आतड्यात किंवा चरबीत गेले तर उंदीर अर्धवट गुंगतो आणि मात्रा कमी पडली असे वाटते. असा उंदीर त्याच दिवशी पुन्हा टोचू नये.

दुसरे कारण खोलीचे तापमान, आणि विदर्भातल्या तालुक्याच्या फार्मसी कॉलेजांत ते फार छळते. गुंगलेला उंदीर २२ अंशांच्या खोलीतही काही मिनिटांत गार पडतो. यकृत मंदावते, झोप लांबते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर, लाइट गेली, कूलर बंद, आणि खाली गरम पाण्याची पिशवी तशीच राहिली, तर तोच उंदीर तापून मरतो. म्हणून गुदाशयातला तापमापक ३६ ते ३८ अंशांत ठेवावा आणि डिसेंबरात काढलेली मात्रा उन्हाळ्यात पुन्हा पडताळावी.

डोळे उघडेच राहतात, त्यांत मलम घालावे. शुद्धीवर येणारा उंदीर धानाच्या तुसावर ठेवू नये, ते नाकात जाते. कागदावर, एकटाच ठेवावा.