बंगल्याच्या अंगणात कोणतं झाड लावावं?

(पुणे, नाशिक, सातारा भागातल्या ग्राहकांसाठी)

नर्सरीत येण्याआधी घरी टेप घेऊन तीन गोष्टी मोजा: भिंतीपासून कुंपणापर्यंतचं अंतर, वरून जाणाऱ्या वीजतारांची उंची आणि ड्रेनेजची लाइन व पाण्याची टाकी नेमकी कुठे आहे ते. झाड यावरून ठरतं, फुलाचा रंग नंतर. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, त्यामुळे चुकीच्या जागी वाढलेलं झाड मनात आलं की काढता येत नाही.

घराजवळ काय नको

वड, पिंपळ, उंबर यांची मुळं जोत्यात आणि चेंबरमध्ये शिरतात. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात आधी त्याच्याच फांद्या मोडतात. शेवगाही असाच ठिसूळ, शिवाय पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. तो लावाच, पण गाडीच्या जागेपासून आणि खिडक्यांपासून लांब. सप्तपर्णी ऑक्टोबरच्या सुमारास फुलते तेव्हा तिचा उग्र वास बेडरूमखाली अनेकांना सोसत नाही. कोनोकार्पसची हिरवी भिंत झटपट तयार होते म्हणून मागणी खूप आहे, पण त्याची मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनमध्ये घुसतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आम्ही ते ठेवत नाही.

कुठे काय बसतं

दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात पारिजातक, कांचन, देवचाफा, सीताफळ, कागदी लिंबू, कढीपत्ता आरामात मावतात. कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतात, ते वेळेवर काढले नाहीत तर जाळी होते. पारिजातकाला उभं पाणी चालत नाही. उतारावर किंवा उंचवट्यावर लावा.

पंधरा-वीस फूट मोकळे असतील तर बहावा, तामण, बकुळ किंवा सोनचाफा. पश्चिमेचं ऊन अडवायला बहावा मागणारे बरेच असतात. तो सुंदर आहे, पण ऐन एप्रिल-मेमध्ये, सावली हवी तेव्हाच, त्याची पानं झडलेली असतात. त्या बाजूला बकुळ बरी: बारमाही हिरवी, फक्त वाढ सावकाश. सोनचाफा घ्यायचा तर कलमीच घ्या. बियांचं रोप फुलायला कित्येक वर्षं घेतं. आवळ्याचं एकटं झाड फळ कमी धरतं, दोन वेगळ्या जाती जवळ हव्यात. दोघांना जागा नसेल तर आवळ्याचा नाद सोडा.

झुडपं भिंतीपासून तीन फुटांवर. सावलीच्या बाजूला तगर, भरपूर उन्हात जास्वंद, कुंपणाला कुंती. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर ते पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांना जपतात आणि पसरवतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करा. कण्हेर काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. लहान मुलं किंवा गुरं असतील तर टाळा.

मातीची परीक्षा

दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर निचरा वाईट आहे. काळ्या मातीत हे नेहमीचंच. अशा ठिकाणी खड्डा भुसभुशीत मिश्रणाने भरला, तरी भोवतीची घट्ट माती पाणी धरते आणि पावसाळ्यात खड्ड्याचं टाकं होऊन मुळं कुजतात. उपाय म्हणजे जमिनीपेक्षा सहा ते नऊ इंच उंच वरंबा करून त्यावर रोप लावणं.

चुनखडीच्या जमिनीत अनंत आणि एक्झोरा यांची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीतलं लोह त्यांना उचलता येत नाही. शेणखत वाढवून फरक पडत नाही. ही दोन्ही मोठ्या कुंडीत वेगळ्या मातीतच घ्या. कोकणातल्या तांबड्या मातीत मात्र एक्झोरा सहज फुलतो.

लिंबाला दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा, त्याबाहेर पाण्याची चर. पाणी खोडाला टेकत राहिलं की डिंक्या होतो, साल फुटून डिंक गळतो.

रोप घेताना

सर्वात उंच रोप उचलू नका. पिशवीखालून जाड मुळं बाहेर आली असतील, तर आत ती गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात. दणकट खोडाचं, मध्यम उंचीचं रोप चांगलं. कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे आणि जोडाखाली येणारा प्रत्येक फुटवा खुडला पाहिजे, नाहीतर खुंट (ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप) वाढतो आणि कलम दबतं.

लावताना

झाडासाठी दोन फूट, झुडपासाठी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की दोन भाग त्याच जागची माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून भरा. ताजं शेण नको; ते मुळं भाजतं आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) बोलावतं. पिशवी पूर्ण काढा, गोल फिरलेली मुळं कापा, रोप पिशवीत होतं तितकंच खोल बसवा. बांबूला सुतळीने सैल, आठाच्या आकड्यात बांधा.

पाऊस संपल्यावर खरी काळजी सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यात लहान झाडाला तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश द्या. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच्या वरच राहतात. आळ्यात तीन इंच वाळका पाला पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. झाड वाढेल तसं आळंही बाहेर सरकवा.