कर्करोगानंतरची चेहऱ्याची पुनर्रचना ‘कॉस्मेटिक’ नव्हे: विम्याचा क्लेम कसा करायचा?

नाकावरची गाठ बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघते. सर्जन गाठीसोबत भोवतालची थोडी निरोगी त्वचाही काढतात आणि तिथे खड्डा उरतो. तो बुजवायला कानामागची त्वचा लावतात, म्हणजे ग्राफ्ट. किंवा शेजारची त्वचा वळवून आणतात, म्हणजे फ्लॅप. नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं, “प्लास्टिक सर्जरीला इन्शुरन्स मिळत नाही.” ऐकून माणसं खिशातून पैसे भरतात, नाहीतर पुनर्रचनाच टाळतात. दोन्ही करू नका.

विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या वगळणुकींत, म्हणजे खर्च न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत, ०८ क्रमांकाचं कलम आहे. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, असं ते म्हणतं. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला ही बंदी लागू नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पॉलिसीचं पुस्तक काढा, हे कलम शोधा, त्याची झेरॉक्स फाइलला लावा.

पात्रतेसाठी पॉलिसी चालू हवी आणि प्रतीक्षा काळ संपलेला हवा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं.

कागदपत्रांत बायॉप्सीचा रिपोर्ट सर्वात मोलाचा. त्यासोबत ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं व पावत्या, केवायसी आणि शस्त्रक्रियेआधीचे फोटो. आणखी एक कागद आग्रहाने मागून घ्या: ‘ही पुनर्रचना कर्करोगाच्या शस्त्रक्रियेमुळे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे’ असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘प्लास्टिक सर्जरी’ लिहिलं असेल, तर घरी जाण्याआधीच त्यात कर्करोगाचं निदान लिहवून घ्या. त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर डे-केअर म्हणून दाखल झाल्याची नोंद बघा. ओपीडीच्या कागदावर क्लेम अडतो.

शस्त्रक्रिया ठरलेली असते, म्हणून कॅशलेसची पूर्वपरवानगी आधीच मागा आणि अर्जात सगळे टप्पे लिहवा. ही जागा हमखास चुकते. कपाळाच्या त्वचेने नाक घडवलं तर साधारण ३ आठवड्यांनी फ्लॅपचा देठ, म्हणजे कपाळाशी जोडून ठेवलेला भाग, कापावा लागतो. कधी नंतर फ्लॅप पातळ करावा लागतो. पहिल्याच अर्जात पुढचे टप्पे नसले, तर दुसऱ्या वेळी ‘हे फक्त दिसण्यासाठी’ असा शेरा येऊ शकतो.

दिसण्याचा प्रश्न क्षुल्लक नाही. त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी ‘फेस-क्यू’ ही खास प्रश्नावली आहे. व्रण कसा वाटतो, चेहऱ्याबद्दल समाधान आहे का, कर्करोगाची धास्ती किती, हे ती थेट रुग्णालाच विचारते. रोज आरशासमोर उभं राहायचं ते रुग्णालाच. म्हणून ‘व्रण कसा दिसेल, किती टप्पे लागतील’ हे सर्जनला आधीच विचारा; क्लेमचा अंदाजही त्यातूनच पक्का होतो.

खासगी पॉलिसी नसेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. गाठ काढणं आणि पुनर्रचना, दोन्ही मंजुरीत आहेत का, हे दाखल होण्याआधीच विचारा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा; मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे.