रेगेन्सबुर्ग : डॅन्यूबकाठचा निवांत शनिवार-रविवार

रेगेन्सबुर्ग हे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातलं, साधारण दीड लाख वस्तीचं, डॅन्यूबच्या काठावरचं जुनं शहर. डॅन्यूबला तिथले लोक दोनाऊ म्हणतात. नाब आणि रेगेन या नद्या तिला याच परिसरात मिळतात आणि तिच्या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात उत्तरेकडचा बिंदूही इथेच येतो. म्युनिकहून रेल्वेने सुमारे दीड तास, न्यूरेम्बर्गहून तासभर, आणि स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांत जुनं गाव, त्यामुळे शनिवार-रविवारची सुट्टी घालवायला लोक इथे येतात. जुनं शहर आणि नदीपलीकडचं श्टाटआमहोफ मिळून २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, त्यात जवळपास १००० संरक्षित वास्तू आहेत.

नाव : शहराची नावं दोन आणि दोघांची कुळं वेगळी. रेगेन्सबुर्ग हे रेगेन नदीवरून आलं हे सर्वमान्य आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इ.स. १७९ मध्ये, तिसऱ्या इटालिक लीजनची म्हणजे रोमन सैन्यदलाची दगडी छावणी इथे पूर्ण झाली, तिच्या दरवाजावरच्या लांबलचक शिलालेखाचा मोठा तुकडा आज म्युझियममध्ये आहे, आणि ही छावणी कास्ट्रा रेगिना म्हणजे रेगेनकाठची छावणी. लॅटिनमध्ये रेगिना म्हणजे राणी, म्हणून काहीजण ‘राणीची छावणी’ असा अर्थ लावतात, तो चूक. खरा वाद आहे रातिस्बोना या दुसऱ्या नावाचा, जे फ्रेंच आणि इटालियन लोक आजही वापरतात. आठव्या शतकात बिशप आर्बेओने लिहिलेल्या संत एमेरामच्या चरित्रात ते रादास्पोना असं येतं. मध्ययुगातल्या पंडितांनी लॅटिन ‘रातिस’ म्हणजे तराफा धरून ‘तराफे लागायला चांगली जागा’ अशी फोड केली, नदीकाठच्या गावाला शोभणारी आहे पण बहुधा मागाहून जुळवलेली. व्हिएन्नाचं जुनं नाव विन्दोबोना, त्यातला ‘बोना’ केल्टिक म्हणजे रोमनांच्या आधीच्या केल्ट लोकांच्या भाषेतला, वस्ती या अर्थाचा, तोच इथे असावा असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. आधीच्या भागावर मात्र एकमत नाही, कोणी त्यात मातीचा तट बघतं तर कोणी एखाद्या माणसाचं नाव. केल्टिक मत जास्त पटतं, अडचण एवढीच की जुन्या शहराखाली त्या नावाला साजेशी मोठी केल्टिक वस्ती ठोसपणे सापडलेली नाही.

दगडी पूल : इथला वीकेंड या पुलाभोवतीच फिरतो. परंपरेने बांधकाम ११३५ ते ११४६ असं दिलं जातं. ११३५ चा उन्हाळा फार कोरडा गेला, पात्रातलं पाणी खाली उतरलं आणि पाया घालायची संधी मिळाली असं म्हणतात. पुलावर मधोमध ब्रूकमांडल म्हणजे ‘पुलावरचा छोटा माणूस’ बसलाय, डोळ्यांवर हाताची सावली धरून कॅथेड्रलकडे म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चकडे बघतोय, आणि त्याच्याजवळचे ‘काय ऊन आहे बघ’ अशा अर्थाचे शब्द त्याच उन्हाळ्याची आठवण मानतात. आत्ताची मूर्ती १८५४ ची आहे, आधीच्या बऱ्याच जुन्या होत्या, त्यामुळे हा पुरावा जरा जपूनच वापरावा. मूळ कमानी १६, त्यातली दक्षिणेकडची एक नंतरच्या बांधकामात दडली, आणि लांबी साधारण ३०९ मीटर. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रुसेडच्या म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या फौजा ११४७ आणि ११८९ मध्ये याच शहरातून निघाल्या, आणि प्रागचा पहिला दगडी पूल याच्याच धर्तीवर झाला असं मानतात.

दंतकथा अशी, की पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, पूलवाल्याने सैतानाशी करार केला की पुलावरून जाणारे पहिले तीन जीव तुझे, आणि मग माणसांऐवजी कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पाठवून दिले. गोष्ट छान आहे पण काळ जुळत नाही, कारण आत्ताचं गॉथिक कॅथेड्रल १२७३ च्या आगीनंतर सुरू झालं, म्हणजे पूल झाल्यावर सव्वाशे वर्षांनी, आणि त्याचे १०५ मीटरचे मनोरे तर १८५९ ते १८६९ मध्ये पूर्ण झाले. पाण्याचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. खांबांचा पाया वाहून जाऊ नये म्हणून त्यांच्याभोवती दगडी बेटं घातली, त्याने पात्र अरुंद झालं, पाणी कमानींतून जोरात घुसायला लागलं आणि खाली भोवरे तयार झाले जे आजही पुलावर उभं राहिलं की दिसतात. त्या जोरावर गिरण्या चालल्या, पण वरच्या दिशेने येणाऱ्या जहाजांचे हाल व्हायचे, शेवटी १९७० च्या दशकात उत्तरेकडून कालवा काढून मोठी जहाजं वळवली. १९९७ पासून पुलावर खासगी गाड्या बंद, २००८ पासून बसही बंद, २०१० ते २०१८ दुरुस्ती झाली. आता फक्त चालणारे आणि सायकलवाले, त्यामुळे संध्याकाळी कठड्याला टेकून हवा तेवढा वेळ काढता येतो.

शहर असं टिकलं कसं : बाराव्या-तेराव्या शतकात इथले व्यापारी फार श्रीमंत होते, इटलीतल्यासारखे उंच मनोरे त्यांनी घरांना जोडले, त्यातला सोनेरी मनोरा सुमारे ५० मीटर उंच आहे आणि त्यात सध्या विद्यार्थी राहतात. १२४५ मध्ये शहर थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या अखत्यारीत गेलं. पुढे व्यापार न्यूरेम्बर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला, पैसा आटला, जुनं पाडून नवं बांधायची ऐपतच राहिली नाही, म्हणून मध्ययुगीन गल्ल्या तशाच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले ते मुख्यतः बाहेरच्या विमान कारखान्यावर, पुलाच्या काही कमानी मात्र एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवल्या. तंगीने शहर राखलं हे मत आता बरंच रूढ आहे आणि मला ते बरोबर वाटतं, कारण आज आपल्याला जो निवांतपणा जाणवतो तो कोणी पर्यटकांसाठी उभा केलेला नाही, गल्ल्यांची रुंदीच चालणाऱ्या माणसाच्या मापाची आहे.

१६६३ ते १८०६ त्याच साम्राज्याची कायमस्वरूपी सभा इथल्या जुन्या टाउन हॉलमध्ये भरायची, तो दालनासकट बघता येतो. काम ‘लांब बाकावर ढकलणं’ म्हणजे लांबणीवर टाकणं, हा जर्मन वाक्प्रचार त्या सभेतून आला असं गाइड सांगतात, पण तो बहुधा कोर्टातल्या कागदपत्रांच्या पेट्यांवरून आधीच रुळलेला होता. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लर आपले थकलेले पैसे मिळवायला अशाच एका सभेसाठी आला, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० ला इथेच वारला.

शनिवार : पुलाच्या दक्षिण टोकाला, मिठाच्या जुन्या कोठाराशेजारी, वुर्स्टकुखल नावाची सॉसेजची छोटी खानावळ आहे, निखाऱ्यांवर भाजलेली बोटभर सॉसेज, आंबवलेला कोबी आणि गोडसर मोहरी. जागा थोडी, लाकडी बाकं, समोर नदी. पूल बांधणाऱ्या गवंड्यांपासून ती चालू आहे असं आवडीने सांगतात. मात्र तिथे आधी गोदीवरच्या कामगारांसाठी उकडलेलं मांस मिळायचं, आत्ताची इमारत सतराव्या शतकातली समजतात, आणि भाजलेल्या सॉसेजवर भर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सगळ्यात जुनं कोण यावर न्यूरेम्बर्गशी जुना वाद आहे, तिथले लोक चौदाव्या शतकातला कागद दाखवतात. जागेवरचं खाणं जुनं आणि सॉसेज त्यामानाने नवं, असं धरलं तर दोन्ही बाजू फारशा खोट्या ठरत नाहीत.

पोट भरलं की पूल ओलांडून श्टाटआमहोफला जायचं. ते १९२४ पर्यंत वेगळं गाव होतं आणि पूल ही कित्येक शतकं दोन राज्यांची हद्द होती. तिथे धर्मादाय इस्पितळाच्या जुन्या ब्रुअरीची बिअर गार्डन आहे, चेस्टनटच्या झाडांखाली, समोर नदी आणि पलीकडे कॅथेड्रल. पूल ज्यांच्यावरून जातो त्या बेटांवरही उन्हाळ्यात लोक गवतावर पाय पसरून बसलेले असतात.

रविवार : पहिल्यांदा येणाऱ्या आपल्या माणसाला रविवारी धक्का बसतो, दुकानं, सुपरमार्केट सगळं बंद. रविवार हा ‘कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा’ दिवस म्हणून १९१९ च्या जर्मनीच्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात संरक्षित झाला आणि १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमातून ते तसंच उचललं. शनिवारची सुट्टी मात्र कामगारांनी मिळवलेली, १९५६ च्या मे दिनाला कामगार संघटनांनी ‘शनिवारी बाबा माझे’ असं म्हणणाऱ्या लहान मुलाचं पोस्टर काढलं होतं. म्हणून दूध, ब्रेड, फळं शनिवारी रात्री आठच्या आत घेऊन ठेवावीत.

सकाळी कॅथेड्रलमधल्या मिस्सेला म्हणजे कॅथलिक प्रार्थनेला शाळेच्या सुट्ट्या सोडून डोमश्पात्झन म्हणजे ‘कॅथेड्रलच्या चिमण्या’ गातात. या मुलांच्या गायनाची परंपरा ९७५ मध्ये स्थापन झालेल्या शाळेपर्यंत नेतात. श्रद्धा नसली तरी ऐकावं, दगडात आवाज चढत जातो तो अनुभव रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. दुपारी कॉफी-केक, मग सीझन असेल तर बोटीने वाल्हाला, पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर पार्थेनॉनच्या धर्तीवरचं १८४२ चं संगमरवरी स्मारक, पायऱ्या ३५८. किंवा मग कुठेच जायचं नाही. नॉयफारप्लात्झवर, जिथे १५१९ मध्ये ज्यू वस्ती हाकलून त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे सिनेगॉग पाडलं गेलं, तिथे त्याच सिनेगॉगच्या आराखड्यावर इस्रायली शिल्पकार दानी कारावानने २००५ मध्ये पांढऱ्या काँक्रीटचं बसण्याजोगं स्मारक केलंय, रविवारी त्यावर मुलं खेळत असतात आणि म्हातारी माणसं ऊन खात बसलेली असतात.